एक हजार गिनींचा वळू

१/ सन १८१०. इंग्लंडमधील डार्लिंग्टनजवळ, केटन येथे चार्ल्स कॉलिंग यांच्या शॉर्टहॉर्न जनावरांचा लिलाव झाला. त्यात ‘कॉमेट’ नावाचा सहा वर्षांचा वळू चौघा पशुपालकांनी मिळून १,००० गिनींना, म्हणजे १,०५० पौंडांना घेतला. एवढी किंमत तोवर कोणत्याही वळूला आली नव्हती. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल जन्मायलाही अजून बारा वर्षे होती. मग हे पैसे कशाच्या भरवशावर मोजले गेले?

२/ उत्तर कॉमेटच्या बापापाशी आहे. त्याचे नाव ‘फेव्हरिट’. त्याच्यापासून एका सर्वसाधारण काळ्या-पांढऱ्या गायीला १७९६ साली गोऱ्हा झाला. खच्ची करून पोसलेला तो प्रचंड बैल ‘डरहॅम ऑक्स’ म्हणून गाजला. जॉन डे यांनी १८०१ पासून त्याला खास गाडीतून देशभर मिरवले. लोक पैसे देऊन त्याला पाहत. १८०७ साली ऑक्सफर्डला त्याचा खुबा निखळला आणि त्याला कापावे लागले. चार्ल्स यांचे बंधू रॉबर्ट यांची गावोगाव फिरलेली पांढरी कालवडही फेव्हरिटचीच. गंमत अशी, की बैल खच्ची आणि कालवड वांझ! स्वतःचा वंश चालवणे दोघांच्याही नशिबी नव्हते. त्यांनी जाहिरात केली ती बापाची. (बैलाच्या वजनात खुराकाचा वाटा किती, हे विचारायला मात्र प्रेक्षक विसरले.)

३/ गाय वर्षाला एक वासरू देते, वळू अनेक. म्हणून कळपाचे भवितव्य वळूवर ठरते. लेस्टरशायरचे रॉबर्ट बेकवेल आपले मेंढे हंगामापुरते भाड्याने देत आणि त्यांची संतती अनेकांच्या कळपांत पारखत. कॉलिंग त्यांच्याकडे जाऊन आले होते.

४/ पण कॉमेटची वंशावळ पाहा. फेव्हरिट त्याचा बाप, आणि आईचाही बाप. शिवाय ती आई फेव्हरिटला त्याच्या स्वतःच्या आईपासून झालेली! गुण पक्के करण्याचा हा मार्ग दडलेले दोषही पक्के करतो.

५/ त्याची किंमत पुढे अमेरिकेतील हेअरफर्ड पाळणाऱ्यांनी मोजली. १९४०-५० च्या दशकांत तिथे ठेंगणे, भरीव वळू पसंत केले जात. खुजेपणाचा दोष एकेरी वाहणारा वळू परीक्षकांना अधिकच देखणा वाटे. त्याची काही वासरे मात्र खुजी निपजत. अखेर, दोष वाहणाऱ्या म्हणून ठाऊक असलेल्या गायींवर वळू सोडून आधी त्याची वासरे तपासली जाऊ लागली.