जुन्या फ्लॅटचे नूतनीकरण आणि ठेकेदाराशी व्यवहार

पुणे, ठाणे, डोंबिवली यांसारख्या शहरांत वीस-तीस वर्षांपूर्वीचा फ्लॅट घेऊन तो दुरुस्त करायचा आणि वाढीव किमतीला विकायचा किंवा चांगल्या भाड्याने द्यायचा, हा गुंतवणुकीचा एक प्रकार आहे. यात सगळ्यांचे लक्ष खरेदीच्या भावाकडे असते. प्रत्यक्षात नफा राहतो की नाही, हे बऱ्याचदा ठेकेदाराबरोबरच्या व्यवहारात ठरते.

समजा कर्जाचा हप्ता महिन्याला ४०,००० रुपये आणि सोसायटीचा मेंटेनन्स ४,००० रुपये आहे. काम दोन महिने लांबले की ८८,००० रुपये गेले. ५०,००० रुपयांनी स्वस्त म्हणून निवडलेला ठेकेदार या हिशेबात महाग पडतो. त्यामुळे कोटेशनमध्ये रकमेइतकीच काम संपवण्याची तारीखही महत्त्वाची असते.

कोटेशन दोन प्रकारचे असते: नुसत्या मजुरीचे, म्हणजे लेबर रेटचे, किंवा मटेरियलसह. मटेरियलसह दर घेतला तर प्लायवूड, वायर, नळ, टाइल यांचा ब्रँड, जाडी आणि दर्जा लिहून घ्यावा लागतो. ‘चांगल्या प्रतीचे’ या शब्दांना कोटेशनमध्ये काहीच अर्थ नसतो. सगळ्यात जास्त वाद होतात ते मोजमापावरून. रंगकामाचा दर चौरस फुटाला सांगितला, पण कशाच्या चौरस फुटाला? १० बाय १२ फुटांची, ९ फूट उंचीची खोली घेतली तर जमीन १२० चौरस फूट भरते. चार भिंती आणि छत मिळून ५१६. दारे-खिडक्या वजा करूनही बिल मनातल्या आकड्याच्या चौपट होऊ शकते, आणि त्यात ठेकेदाराची लबाडी असतेच असे नाही. माप कसे घ्यायचे, दारे-खिडक्या वजा करायच्या का, हे आधी कागदावर हवे.

पुढचा प्रश्न उचलीचा. ठेकेदाराकडे एका वेळी दोन-तीन साइट चालू असतात आणि माणसे कमी असतात. जिथून पैसे यायचे बाकी आहेत तिथे तो गवंडी-सुतार पाठवतो. जिथले पैसे आधीच मिळाले ती साइट मागे पडते. म्हणून सुरुवातीची उचल लहान ठेवून पुढचे हप्ते तारखेला नव्हे, तर कामाच्या टप्प्याला बांधतात: तोडफोड, भिंतीतले प्लंबिंग आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी, सुतारकाम, रंग. शेवटची ५ ते १० टक्के रक्कम राखून ठेवण्याची पद्धत बांधकाम क्षेत्रात जुनीच आहे. चालू कामात मालकानेच बदल सुचवला तर त्याची किंमत आणि वाढणारे दिवस त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेले बरे.

झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी पाहायचे असते. भिंतीतल्या पाइप आणि वायरिंगचे टेप धरून काढलेले फोटो पुढे भिंतीला ड्रिल मारताना उपयोगी पडतात. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल लावण्याआधी, पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवतात आणि खालच्या मजल्यावरचे छत पाहतात. ठेकेदार ही चाचणी घाईत टाळतो. नंतर गळती निघाली तर नवी फरशी फोडावी लागते आणि खालच्या घरमालकाचे छतही दुरुस्त करून द्यावे लागते.

भिंत पाडून हॉल मोठा करणे हा विक्रीसाठीचा आवडता बदल. जुन्या लोड-बेअरिंग इमारतींत मात्र वजन भिंतींवरच असते. कुठली भिंत पाडता येईल हे ठेकेदाराने नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचे. सोसायटीची लेखी परवानगी आणि गरजेप्रमाणे महापालिकेची मंजुरी नसेल, तर नोटीस मालकाच्या नावाने येते.

वाद झाला तर दाद मागायच्या वाटा थोड्या आहेत. महारेराचा कायदा बिल्डर आणि एजंट यांच्यासाठी आहे. दुरुस्तीचा ठेकेदार त्यात येत नाही. ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ‘ग्राहक’ या व्याख्येतून वगळली आहे. एकामागून एक फ्लॅट घेऊन विकणाऱ्याविरुद्ध हा मुद्दा हमखास काढला जातो. उरते दिवाणी न्यायालय, आणि तिथे सही केलेला करार व बँकेतून केलेली पेमेंट कामी येतात.

‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल’ हा प्रस्ताव याच कारणाने धोक्याचा. ५ लाखांच्या कामावर १८ टक्के जीएसटी ९०,००० रुपये होतो, हे खरे. पण बिल असेल तर घरात कायमची सुधारणा करणारा खर्च भांडवली नफ्यातून वजा मागता येतो. फ्लॅट २४ महिन्यांच्या आत विकला आणि मालक ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असला, तर ५.९ लाखांवर साधारण १.७७ लाखांचा कर वाचतो. २४ महिन्यांनंतर १२.५ टक्के दराने हीच बचत सुमारे ७४,००० रुपये, म्हणजे जीएसटीपेक्षा कमी; तिथे बिलाची खरी किंमत ठेकेदाराविरुद्धचा पुरावा म्हणून उरते. जीएसटी नोंदणी नसलेला छोटा ठेकेदारही साधे बिल देऊ शकतो.

राखीव रक्कम कधी सोडायची, याचा महाराष्ट्रातला व्यवहारी मुहूर्त म्हणजे एक पावसाळा उलटल्यावर. गच्चीखालचा किंवा पश्चिमेच्या भिंतीचा फ्लॅट असेल तर ही अट कामाच्या आधीच मान्य करून घेतात, कारण जूनमध्ये ओल दिसल्यावर ठेकेदार फोन उचलेलच असे नाही.