लॅपटॉपला बाह्य मॉनिटर जोडणे

लॅपटॉप संगणकाच्या अंगभूत पडद्याव्यतिरिक्त दुसऱ्या स्वतंत्र पडद्यावर त्याचे चित्र दाखवण्याच्या प्रक्रियेस लॅपटॉपला बाह्य मॉनिटर जोडणे असे म्हणतात. बाह्य पडदा म्हणून संगणकाचा मॉनिटर, दूरचित्रवाणी संच किंवा प्रोजेक्टर वापरला जातो. तिन्हींच्या बाबतीत जोडणीचे तत्त्व एकच असते. जोडणी केबलने किंवा बिनतारी पद्धतीने करता येते. लॅपटॉपचा ग्राफिक्स भाग, पोर्ट, केबल, अडॅप्टर आणि मॉनिटर यांपैकी ज्या घटकाची क्षमता सर्वांत कमी, त्यावर मिळणाऱ्या चित्राचा दर्जा ठरतो. त्यामुळे प्लग पोर्टमध्ये नीट बसला म्हणजे चित्र दिसेलच, असे नाही.

कार्यपद्धती

लॅपटॉपमधील ग्राफिक्स भाग पडद्यावरील प्रत्येक पिक्सेलच्या रंगाची माहिती ठरावीक गतीने सतत बाहेर पाठवत असतो. केबल जोडताच मॉनिटर आपली ओळख, मूळ रिझोल्युशन आणि चालू शकणारे रिफ्रेश दर यांची माहिती लॅपटॉपला पुरवतो. या माहितीच्या तक्त्यास ईडीआयडी म्हणतात. तो वाचून लॅपटॉप योग्य रिझोल्युशन निवडतो. सदोष केबलमुळे किंवा हलक्या दर्जाच्या अडॅप्टरमुळे हा तक्ता वाचता आला नाही, तर मॉनिटर चालू असूनही चित्र येत नाही किंवा कमी रिझोल्युशनचे धूसर चित्र येते.

इतिहास

आयबीएम कंपनीने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए ही ॲनालॉग पद्धत आणली. तिचा १५ पिनांचा, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला जोड पुढे लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांवर दीर्घकाळ प्रचलित राहिला. डिजिटल संकेतासाठी १९९९ साली डीव्हीआय, २००२ साली एचडीएमआय आणि २००६ साली डिस्प्लेपोर्ट ही मानके आली. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही संगणक व मॉनिटर उत्पादकांनी व्हीजीए टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. २०१४ साली यूएसबी-सी जोडाचे मानक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी या जोडातून डिस्प्लेपोर्टचा संकेत पाठवण्याची पद्धतही निश्चित झाली.

पोर्टचे प्रकार

व्हीजीए: यात केवळ चित्र जाते, आवाज जात नाही. संकेत ॲनालॉग असल्याने केबल लांब असल्यास अक्षरांच्या कडा पुसट होतात.

डीव्हीआय: जुन्या मॉनिटरवर आढळते. डीव्हीआयचा डिजिटल संकेत एचडीएमआयशी सुसंगत असल्याने साध्या अडॅप्टरने जोडणी होते. मात्र आवाजाची सोय बहुधा वेगळी करावी लागते.

एचडीएमआय: १९ पिनांच्या या जोडातून चित्र आणि आवाज एकत्र जातात. दूरचित्रवाणी संचांवर हाच जोड सर्वाधिक आढळतो. लॅपटॉपवरील एचडीएमआय पोर्ट सामान्यतः चित्र बाहेर पाठवण्यासाठीच असतो. त्यामुळे दोन लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडून एकाचा मॉनिटर म्हणून वापर करता येत नाही.

डिस्प्लेपोर्ट: २० पिनांचा हा जोड प्रामुख्याने संगणकाच्या मॉनिटरवर असतो. यातूनही आवाज जातो.

यूएसबी-सी आणि थंडरबोल्ट: २४ पिनांच्या एकाच जोडातून चित्र, आवाज, इतर माहिती आणि लॅपटॉपच्या चार्जिंगसाठी वीज जाऊ शकते. तथापि सर्व यूएसबी-सी पोर्टमध्ये या सर्व सोयी नसतात. काही पोर्ट केवळ माहिती आणि चार्जिंगसाठी असतात, त्यांतून चित्र मिळत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टचे विजेच्या आकाराचे चिन्ह असल्यास चित्राची सोय असते. चिन्ह नसल्यास लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत पाहावे लागते. केबलच्या बाबतीतही हेच लागू पडते. मोबाइल फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या अनेक यूएसबी-सी केबल चित्राचा संकेत वाहून नेत नाहीत.

अडॅप्टर आणि दिशा

लॅपटॉप आणि मॉनिटर यांचे पोर्ट भिन्न असल्यास अडॅप्टर लागतो. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाताना डिजिटल संकेताचे ॲनालॉग संकेतात रूपांतर करावे लागते. त्यामुळे आत रूपांतर करणारी चिप असलेलाच अडॅप्टर चालतो. केवळ तारांची जुळणी केलेली केबल चालत नाही. बहुतेक अडॅप्टर एकाच दिशेने काम करतात. डिस्प्लेपोर्ट असलेला लॅपटॉप एचडीएमआय मॉनिटरला जोडणारा अडॅप्टर एचडीएमआय असलेल्या लॅपटॉपकडून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरकडे संकेत नेण्यास उपयोगी पडत नाही. म्हणून खरेदी करताना दोन्ही टोकांच्या नावांबरोबर संकेत कोठून निघणार, हेही पाहणे आवश्यक असते.

यूएसबी पोर्टमधून चित्राची थेट सोय नसल्यास डिस्प्लेलिंक तंत्राचे अडॅप्टर वापरता येतात. यात चित्र संगणकावरच संकुचित करून साध्या यूएसबी माहितीच्या रूपात पाठवले जाते. त्यासाठी स्वतंत्र ड्रायव्हर लागतो आणि प्रोसेसरवर काही प्रमाणात ताण पडतो.

वहनक्षमता

फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरल्यास केवळ चित्राचीच माहिती सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट होते. ३८४० × २१६० रिझोल्युशनच्या ४के पडद्यासाठी ती चौपट, म्हणजे सुमारे १२ गिगाबिट होते. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट असल्याने त्यावर ४के चित्र साधारणतः सेकंदाला ३० वेळाच मिळते आणि माउसचा बाण अडखळत सरकल्यासारखा वाटतो. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट आणि २.१ ची ४८ गिगाबिट आहे. या सर्व आवृत्त्यांच्या नेहमीच्या जोडाचा आकार सारखाच असल्याने पोर्ट पाहून आवृत्ती ओळखता येत नाही.

किती मॉनिटर जोडता येतील, हेही ग्राफिक्स भागावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, २०२० साली आलेल्या एम१ चिपच्या मॅकबुक एअरला दोन यूएसबी-सी पोर्ट असूनही कंपनीच्या माहितीनुसार एकच बाह्य मॉनिटर जोडता येतो.

प्रदर्शनाचे पर्याय

विंडोज प्रणालीत विंडोज कळ आणि पी कळ एकत्र दाबल्यास चार पर्याय मिळतात: केवळ लॅपटॉपचा पडदा, दोन्हींवर सारखेच चित्र, दोन्ही मिळून एक विस्तारित पडदा आणि केवळ बाह्य पडदा. वर्गात किंवा सभेत शिकवताना सारखे चित्र सोयीचे ठरते. लेखन, भाषांतर किंवा मुद्रितशोधन करताना एका पडद्यावर मूळ मजकूर आणि दुसऱ्यावर काम ठेवण्यासाठी विस्तारित पडदा वापरतात. मॅकओएस आणि लिनक्स प्रणालींतही असे पर्याय सेटिंगमध्ये असतात.

देवनागरी मजकुराची सुवाच्यता

अनुस्वार, रफार, उकार आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरी अक्षराच्या वर आणि खाली बारीक चिन्हे येतात. चित्र धूसर झाल्यास सर्वप्रथम ही चिन्हे अस्पष्ट होतात. त्यामुळे मराठी मजकुरासाठी मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्युशनवरच चालवणे महत्त्वाचे असते. १४ इंची फुल एचडी लॅपटॉपवर इंचाला सुमारे १५७ पिक्सेल, तर २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर सुमारे ९२ पिक्सेल असतात. म्हणून अक्षरांचा आकार बदलताना रिझोल्युशन कमी न करता प्रत्येक पडद्यासाठी प्रमाणाची वेगळी टक्केवारी ठेवतात. दूरचित्रवाणी संचावर रंगीत अक्षरांच्या कडा फिसकटल्यास संचाच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टसाठी संगणकाचा पर्याय निवडावा लागतो. चित्राच्या कडा कापल्या जात असल्यास ओव्हरस्कॅन बंद करावे लागते.

महाराष्ट्रातील शाळांमधील वापर

२०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात राज्यातील अनेक जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून दूरचित्रवाणी संच आणि प्रोजेक्टर घेतले. अशा वर्गांत शिक्षकाचा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडून बालभारतीची पीडीएफ स्वरूपातील पाठ्यपुस्तके आणि शैक्षणिक चित्रफिती दाखवता येतात. केवळ व्हीजीए असलेला जुना प्रोजेक्टर आणि केवळ एचडीएमआय किंवा यूएसबी-सी असलेला नवा लॅपटॉप एकत्र आल्यास रूपांतरकाबरोबर आवाजासाठी वेगळी ३.५ मिमी केबल आणि स्पीकर लागतो. मोठ्या वर्गात लांब केबल घ्यावी लागते. साध्या एचडीएमआय केबलची लांबी वाढत जाते तसा संकेत क्षीण होतो आणि चित्र लुकलुकते किंवा नाहीसे होते.

विजेविषयी काळजी

लॅपटॉप बॅटरीवर चालत असला तरी बहुतेक मॉनिटर थेट विजेवर चालतात. वीज गेल्यास बाह्य पडदा बंद पडतो, मात्र लॅपटॉपवरील काम टिकून राहते. मॉनिटरचा तीन पिनांचा प्लग योग्य अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावा. अर्थची पिन काढून टाकणे धोकादायक आहे. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर वेगवेगळ्या सॉकेटवर असताना अर्थिंगमधील फरकामुळे व्हीजीए चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसू शकतात. दोन्ही उपकरणे एकाच विस्तार फळीवर लावल्यास हा दोष बहुधा कमी होतो.

सामान्य अडचणी

चित्र न आल्यास प्रथम मॉनिटरच्या मेनूमध्ये योग्य इनपुट निवडले आहे का ते पाहतात. त्यानंतर केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा लावणे, दुसरी केबल वापरून पाहणे, रिफ्रेश दर कमी करणे आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करणे, हा क्रम उपयोगी ठरतो. एचडीएमआय जोडल्यावर लॅपटॉपचा आवाज बंद झाला, तर तो बहुधा मॉनिटरकडे वळलेला असतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचे स्पीकर पुन्हा निवडावे लागतात. झाकण लावल्यावर लॅपटॉप निद्रावस्थेत जात असल्यास वीजवापराच्या सेटिंगमध्ये बदल करावा लागतो.

बिनतारी जोडणी

मिराकास्ट हे २०१२ साली आलेले तंत्र वाय-फायच्या आधारे, राउटर किंवा इंटरनेट नसतानाही, लॅपटॉपचे चित्र पडद्याकडे पाठवते. ॲपलच्या उपकरणांवर यासाठी एअरप्ले वापरतात. चित्र संकुचित करून पाठवले जात असल्याने किंचित विलंब होतो. सादरीकरण किंवा चित्रफीत दाखवण्यास हा विलंब फारसा जाणवत नाही. माउसने बारीक काम करण्यास आणि खेळांसाठी मात्र केबल अधिक योग्य ठरते.