शिक्षक कसे शिकतात? मोबाईलवरचं प्रशिक्षण लिंबागणेशच्या वर्गात पोहोचायला काय लागतं?

बीड तालुक्यातलं लिंबागणेश हे गाव भालचंद्र गणपतीच्या मंदिरामुळे ओळखलं जातं. हा सगळा पट्टा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या आसपास अनेक कुटुंबं कारखान्याकडे निघतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. आईवडिलांसोबत गेलेली मुलं परत वर्गात बसतात तेव्हा त्यांचं वाचन मागे पडलेलं असतं. अशा मुलांना कसं शिकवायचं, हे शिक्षकांना कोण शिकवतं?

जुनी पद्धत काय होती?

राज्य पातळीवर काही तज्ज्ञ तयार व्हायचे. ते जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला शिकवायचा. प्रत्येक पायरीवर मूळ मुद्द्यातलं थोडं गळायचं.

दुसरी अडचण अंतराची. बीडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अंबाजोगाईत आहे. लिंबागणेशहून तिथे जाऊन यायचं तर दिवस मोडतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात. त्यातला एक प्रशिक्षणाला गेला, की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात.

तंत्रज्ञानाने काय बदललं?

5 सप्टेंबर 2017 रोजी केंद्र सरकारने 'दीक्षा' हा मंच सुरू केला. ऑगस्ट 2019मध्ये देशभरातल्या सुमारे 42 लाख शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी 'निष्ठा' प्रशिक्षण आलं. ते आधी समोरासमोर होत होतं. कोरोनामुळे ऑक्टोबर 2020पासून ते दीक्षावर ऑनलाइन झालं. गावातल्या शिक्षकालाही तोच धडा, त्याच शब्दांत मोबाईलवर मिळू लागला. मधली गळती थांबली, प्रवासही वाचला.

याच काळात एका जिल्हा परिषद शिक्षकाचं काम जगासमोर आलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत अशा कोडचा वापर सुरू झाला. 2020मध्ये डिसले यांना 10 लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

मग अडतं कुठे?

ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण झालं की प्रमाणपत्र मिळतं. व्हिडिओ पाहिला, प्रश्न सोडवले, एवढं त्यावरून कळतं. वर्गात काही बदललं का, हे कळत नाही.

समजा, एका शिक्षिकेने शिकून घेतलं की मुलांचे गट इयत्तेनुसार न करता वाचनाच्या पातळीनुसार करावेत: अक्षरं ओळखणारी, शब्द वाचणारी, वाक्य वाचणारी आणि परिच्छेद वाचणारी. कारखान्यावरून परतलेल्या मुलांसाठी हे फार उपयोगाचं. पण तिच्याकडे दोन इयत्ता आहेत आणि वेळापत्रक ठरलेलं आहे. गट करायचे कधी? मोबाईलवर याचं उत्तर नाही.

इथे नेतृत्व म्हणजे काय?

मुख्याध्यापकांनी वेळापत्रक बदलून रोज एक तास सगळ्या वर्गांसाठी वाचनाचा ठेवला, तर गट करता येतात. त्यांनी आठवड्यातून एकदा पाठ पाहिला, एकाच सुधारणेवर शिक्षिकेशी बोलले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहिलं, तर शिकलेलं टिकतं. शाळेतलं नेतृत्व म्हणतात ते हेच. शाळा फक्त दोन शिक्षकी असेल, तर हे काम त्या दोघांनी एकमेकांसाठी करायचं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावं, अशी अपेक्षा आहे. मुख्याध्यापकांसाठीही तेवढेच तास आहेत आणि त्यात नेतृत्व व व्यवस्थापन हे विषय येतात.

केंद्रप्रमुखांचं काम काय?

महाराष्ट्रात साधारण दहा शाळांचं एक केंद्र धरलं जातं. राज्यात अशी 4,860 केंद्रं आहेत. शाळांना भेटी देणं आणि शिक्षकांना शैक्षणिक मदत करणं हे केंद्रप्रमुखाचं मूळ काम. केंद्रातले शिक्षक ठरावीक काळाने शिक्षण परिषदेत एकत्र येतात. तिथे परिपत्रकं वाचून दाखवली, तर दिवस वाया जातो. एखाद्या शिक्षिकेने आपल्या गटांचा अनुभव सांगितला, फसलं तेही सांगितलं, तर शेजारच्या शाळेचं काम सोपं होतं.

पालक काय करू शकतात?

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. बैठकीत बांधकाम आणि पोषण आहारावर चर्चा होतेच. सोबत एक प्रश्न विचारता येतो: या महिन्यात शिक्षक नवीन काय शिकले आणि त्यामुळे वर्गात काय बदललं? उसाच्या फडावरून परतलेल्या मुलासाठी प्रमाणपत्रांच्या संख्येपेक्षा या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं आहे.