नवशिक्यांचा घसारा

बँकेत वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला भविष्य कळतं, असा लोकांचा समज असतो. समोर गिऱ्हाईक उभं असतं, त्याच्या हातात सातबारा असतो, आणि हा गृहस्थ पुढली सात वर्षं बिनबोभाट हप्ते भरील की तिसऱ्या हप्त्यालाच फोन बंद करून ठेवील, हे आम्ही चष्मा कपाळावर ढकलून ओळखायचं. या कामाचा आम्हांला पगार मिळतो. अमेरिकेत मात्र हाच उद्योग लोक हौस म्हणून, रात्रीची जेवणं झाल्यावर करतात.

म्हणजे बघा, तिथं फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. त्यातला चेंडू मुख्यतः हातात घेऊन पळायचा असतो. पाय फक्त पळायला. त्या खऱ्या खेळावर कागदावरचा खेळ बेतलेला आहे. आपण घरबसल्या खेळाडूंची नावं निवडून संघ करायचा, ते खरोखरच्या मैदानावर जे दिवे लावतील त्यांचे गुण आपल्या खात्यात जमा. बहुतेकांचा संघ हंगाम संपला की मोडतो. पण काही चिवट मंडळी एकदा निवडलेला खेळाडू वर्षानुवर्षं सोडत नाहीत. या प्रकाराला ते लोक 'डायनॅस्टी' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत घराणेशाही. हा शब्द मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

घराणेशाहीत खरी परीक्षा नवशिक्या पोरांची असते. कॉलेजातून नुकताच आलेला पोरगा आज बाकावर बसलाय, पण पाच वर्षांनी काय होईल? मुदत ठेवीचाच हा प्रकार, फक्त व्याजाचा दर पावतीवर छापलेला नसतो.

इतिहास पाहू गेलं तर या खेळाचा जन्म पराभवाच्या पोटी झाला. १९६२ साली ओकलंड रेडर्स हा संघ चौदापैकी तेरा सामने हरला. त्या संघात थोडा हिस्सा असलेले बिल विंकेनबाख नावाचे व्यापारी त्याच हंगामात संघाबरोबर न्यूयॉर्कला गेले होते. तिथं हॉटेलात बसून, दोघातिघांच्या साथीनं, त्यांनी या कागदी खेळाचे नियम रचले. खरा संघ असा हरायला लागला की माणसाला कागदावरचा संघ सुचतोच. आमच्याकडे तोट्यातल्या संस्था पंचवार्षिक आराखडा करतात, त्यातलीच ही गत.

१९६३ च्या ऑगस्टात विंकेनबाखांच्या घरी आठ संघांची पहिली निवड झाली. पहिलं नाव पुकारलं गेलं ते जॉर्ज ब्लांडाचं. वय वर्षं पस्तीस! त्याच्या मागून जिम ब्राऊनचं. हा सत्तावीस वर्षांचा, चेंडू घेऊन पळणाऱ्यांत त्या काळी अव्वल. त्याच हंगामात तो १,८६३ यार्ड धावला. आता, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. घसाऱ्याच्या दोन पद्धती आम्हांला शिकवल्या होत्या : सरळ रेषेची आणि घटत्या शिल्लकेची. कुठल्याही पद्धतीनं आकडेमोड करा, पस्तिशीचं यंत्र सत्ताविशीच्या यंत्राआधी भंगारात जायला पाहिजे. झालं काय, तर ब्राऊन १९६६ साली तिशीतच खेळ सोडून सिनेमात गेला, आणि ब्लांडा १९७५ च्या हंगामापर्यंत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळत राहिला. पळणाऱ्याचे गुडघे लवकर झिजतात, चेंडू फेकणारा किंवा लाथेनं उडवणारा टिकतो, ही अक्कल आता दीर्घ मुदतीच्या प्रत्येक लीगवाल्याला तोंडपाठ आहे. म्हणजे नुसतं वय पाहून भागत नाही, यंत्र कुठल्या कामाला जुंपलंय तेही पाहावं लागतं. आमच्या अभ्यासक्रमात हे होतं. फक्त परीक्षेत विचारत नसत.

नवी पोरं वाटून घेण्याची त्यांची तऱ्हा मला फार आवडते. गेल्या वर्षी जो सर्वांत तळाला, त्याला पहिली निवड. ही पद्धत आपल्याकडे असती तर बीड जिल्ह्याला केवढी चैन झाली असती! नव्वदीच्या दशकात मंजूर झालेली आमची रेल्वे बीडला पोचली २०२५ च्या सप्टेंबरात. दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचं आम्हांला कोणी काही शिकवू नये.

पोराची पारख करताना ते लोक तीन गोष्टी बघतात. वय किती, खऱ्या संघानं त्याला कितव्या क्रमांकावर उचललं, आणि त्या संघात जागा रिकामी आहे का. यातली दुसरी गोष्ट म्हणजे जामीनदाराची सही. मोठ्या संघानं पहिल्या फेरीत घेतलाय म्हणजे पोरगा चांगला असणार. तरी टॉम ब्रॅडीला २००० साली १९९ व्या क्रमांकावर उचललं होतं, आणि त्यानं पुढे सात वेळा सर्वोच्च विजेतेपद मिळवलं. जामीनदारांचा अनुभव आम्हांलाही आहेच.

अंबाजोगाईच्या आमच्या शाखेत क्रिकेटची अशी एक वही २०१२ पासून चालू आहे. एकोणीस वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला की पाच जणांनी तीन-तीन पोरं निवडायची आणि सांभाळायची. पोरगा पुढे भारताकडून खेळला की गुण. पैशाचा संबंध नाही. तळाला जाईल त्यानं चहा पाजायचा. २०२५ च्या ऑगस्टात संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा आमच्या हेडकॅशियरांनी चहा ही रोकड धरायची की आतिथ्य, यावर अर्धा तास घालवला. मी स्वतः पोरं निवडत नाही, वही ठेवतो. हिशेब लिहिणारानं व्यवहारात पडू नये.

पहिल्या वर्षी हेडकॅशियरांनी उन्मुक्त चंदला घेतलं. घेणारच! टाउन्सव्हिलच्या अंतिम सामन्यात, कर्णधार म्हणून, ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १११. तो भारताच्या मुख्य संघाकडून एकदाही खेळला नाही. २०२१ मध्ये इथलं क्रिकेट सोडून अमेरिकेत खेळायला गेला. कर्जविभागाच्या साहेबांनी आपला शेजारी म्हणून जालन्याच्या विजय झोलला घेतलं होतं. त्यानं २०११ साली आसामविरुद्ध एका डावात नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. चारशे एक्कावन्न! एवढी शिल्लक आमच्याकडच्या कित्येक बचत खात्यांत नसते. २०१४ च्या विश्वचषकात तोच कर्णधार होता. त्याच्या हाताखाली खेळलेले श्रेयस अय्यर, संजू सॅमसन आणि कुलदीप यादव भारताकडून खेळले. कर्णधाराला मात्र ती संधी आली नाही.

"अहो, तारण एवढं भक्कम असताना प्रकरण थकलं कसं?" असं कर्जविभागाचे साहेब मला दर वर्षी विचारतात. मी त्यांना शारदाश्रमाचं प्रकरण काढून दाखवतो. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शिल्ड, आझाद मैदान. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. त्या दिवशी वही घेऊन बसलेल्या माणसानं कोणाला पहिलं घेतलं असतं? आकड्यांनी तर कांबळी. त्यानं १९९३ साली लागोपाठच्या कसोट्यांत दोन द्विशतकंही ठोकली. कसोटी सतरा, सरासरी ५४.२०, आणि शेवटची कसोटी तेविसाव्या वर्षी. तेंडुलकर दोनशे कसोट्या खेळून २०१३ मध्ये थांबला. पण माझी नजर जाते ती तंबूत पॅड बांधून बसलेल्या तिसऱ्या पोरावर. अमोल मुजुमदार त्या दोघांपैकी कोणी बाद होण्याची वाट बघत होता, आणि ते बाद होईनात. पुढे १९९४ मध्ये प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात त्यानं २६० केल्या, कारकिर्दीत ११,१६७, आणि भारताकडून सामने शून्य. जागा रिकामीच झाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मुजुमदार होते. सदतीस वर्षांची मुदत ठेव. आमच्या बँकेत एवढ्या मुदतीचा फॉर्मच नाही.

२०२४ साली आमच्या वहीत दिवाळी आली. बीडचा सचिन धस, नावही तेंडुलकरावरूनच ठेवलेलं, दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला उपांत्य सामना खेळत होता. जिंकायला २४५ हव्या, आणि चार बाद ३२. सचिननं ९५ चेंडूंत ९६ केल्या, उदय सहारनबरोबर १७१ ची भागीदारी केली, आणि भारत दोन गडी राखून जिंकला. दुसऱ्या दिवशी पाचही जणांना तोच हवा होता. चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

चिठ्ठी उचलायला शिपायाला बोलावलं. तो उचलता उचलता म्हणाला, "साहेब, माझा पुतण्या लई जोरात टाकतोय बॉल. पण दसरा झाला की जातंय फडात."

हे मला तोवर सुचलं नव्हतं, असं नाही. पण वहीत त्याला रकाना नव्हता. आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं दर वर्षी ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि घरी कोणी नसलं तर पोरंही बरोबर जातात. क्रिकेटचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच. सोळा वर्षांखालची विजय मर्चंट स्पर्धा थंडीतली, एकोणीस वर्षांखालची कूचबिहारही थंडीतली. निवड समिती मैदानात खुर्च्या मांडते तेव्हा पुतण्या उसाच्या फडात मोळ्या बांधत असतो. नवशिक्यांची निवड तिकडंही होतेच. पावसाळ्यात मुकादम गावोगाव फिरून जोड्या ठरवतो. नवराबायको मिळून एक 'कोयता'. नव्या कोयत्याला तो अंगपिंड बघून उचल देतो, आणि ती हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याकडेच जायचं. तिथला अंदाज हुकला तर चहा पाजून सुटका नसते.

आणि याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे! एकोणिसाव्या वर्षी तो कोणत्याच यादीत नव्हता. बारावीनंतर सैन्यात जाऊन, ५ महार बटालियनचा जवान म्हणून तो सियाचिनच्या बर्फात उभा होता. धावायला लागला तो त्यानंतर, सैन्यातल्या क्रॉसकंट्रीतून. अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला २०१७ च्या सुमारास. २०१८ मध्ये त्यानं गोपाल सैनींचा सदतीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत आला होता, आणि सुवर्णही हुकलं ते सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी. २०२३ मध्ये हांगचौला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसला डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद, आणि तिथल्याच ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असते. बीडचा माणूस पाण्याचा खड्डा दिसल्यावर थांबत नाही, एवढ्यावरच त्याला पदक द्यायला हवं.

वहीच्या नियमात फक्त क्रिकेट बसतं. तरी मी शेवटच्या पानावर नोंद केली आहे : साबळे, अविनाश. वय १९. मुक्काम सियाचिन. जामीनदार – रेघ. गुणांचा रकाना अजून कोरा आहे, कारण कर्जविभागाचे साहेब अडथळ्यामागे एक गुण द्या म्हणतात आणि हेडकॅशियर पाण्याच्या खड्ड्याला दुप्पट मागतात. शिपायानं मात्र त्या नोंदीखाली पुतण्यासाठी एक ओळ सोडायला सांगितली आहे. मी दोन सोडल्या.