बेसलाइन आणि कणकेचा गोळा

आज बेसलाइनबद्दल बोलूया. म्हणजे गाण्यातली सगळ्यात खालच्या सुरातली, परत परत येणारी ती ओळ. शब्द विसरतो आपण, पण ती अंगात राहते.

हिचा इतिहास सांगायचा तर लोक १९५१ पासून सुरू करतात. त्या वर्षी लिओ फेंडरचं इलेक्ट्रिक बेस गिटार बाजारात आलं. पुढे मोटाउन, मग डिस्को. मला मात्र पंढरपूरच्या वाटेवरून सुरुवात करायचीय, कारण बेसलाइन करते काय, हे तिथे उघड दिसतं.

दिंडीत टाळ पुष्कळ, मृदंग एखाद-दुसरा. मृदंगाच्या डाव्या पुडीला, म्हणजे धुमेला, वाजवण्याआधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात. वजन वाढलं की कातडं सावकाश हलतं आणि आवाज खाली उतरतो. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची. आता ‘धा’ला दोन्ही हात पडतात, ‘ता’ला फक्त उजवा. म्हणजे डावा हात कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो, यातून खाली एक वेगळी ओळ तयार होते. हीच बेसलाइन की! आणि ८० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट चार मीटरपेक्षा लांब असते. ती माणसांना वळसा घालून मागच्या रांगेपर्यंत जाते. गर्दीतली पावलं एकत्र पडायला तिची मदत होते.

आता मुंबईत या. १९८२ मध्ये चरणजित सिंग या फिल्मी वादकाने रागांवर डिस्को ठेक्याचा एक अल्बम काढला. त्यात रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे मशीन होतं. बेस वाजवणारा सोबत नसेल तर गिटारवाल्याला सराव करता यावा, म्हणून ते बनवलेलं. बाजारात ते चाललं नाही, १९८४ मध्ये बंद झालं. पण १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या ग्रुपने त्याच मशीनवर ‘ॲसिड ट्रॅक्स’ केलं आणि एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. चरणजित यांचा अल्बम जगाने ऐकला तो २०१० मध्ये तो पुन्हा निघाल्यावर.

दोन्हीकडे काम एकच: खाली थोडेच स्वर, तेच तेच, आणि वर बाकी सगळ्यांना मोकळीक. २०१४ च्या ‘लय भारी’तलं अजय-अतुल यांचं ‘माऊली माऊली’ एवढ्या मोठ्या कोरससकट पेलतं, ते मला वाटतं याच पायावर.

पण एक अडचण आहे. मोबाईलचा छोटा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळपास मुकाच असतो. पॉपवाले यावर तोडगा काढतात: बेसला थोडी खरखर देतात, तिचे वरचे स्वर स्पीकरमधून येतात आणि खालचा स्वर आपला मेंदू भरून काढतो. हौशी भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये असं कुणी करत नाही. मग फोनवर टाळ कानात घुसतात आणि धुम गायब! व्हिडिओ बघून मृदंग शिकणाऱ्या पोराने डावा हात शिकायचा कुठून?

म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना एक सांगणं. एक माईक धुमेजवळ ठेवा. आणि ऐकणाऱ्यांनो, हेडफोन लावा. पुढच्या भागात भेटू. राम कृष्ण हरी.