मेंढरांची वाट

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथे वर्षाला सुमारे ५०० मि.मी. पाऊस पडतो. शंभर-सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला, लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर, तोच चार हजार मि.मी.च्या वर जातो. माणसे या प्रदेशात कोठून कोठे चालत गेली, हे समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

या कोरड्या पट्ट्यातले मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. वसंतात परतीची चाल सुरू होते. उन्हे चढण्यापूर्वी वाडा हलतो. बिऱ्हाड आणि कोवळी कोकरे घोड्यांवर घालून बायका पुढे जातात व मुक्काम मांडतात. पुरुष कळप चारत मागून घाट चढतात. पाऊस लागण्याआधी देशावर पोचणे भाग असते, कारण सततच्या चिखलात मेंढीचे खूर सडतात. मोसमी वारे आणि मेंढीचे खूर, या दोहोंनी या प्रवासाचे वेळापत्रक ठरवले आहे.

या वाटा किती जुन्या असतील? गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांनी हा प्रश्न पायी फिरून सोडवायचा प्रयत्न केला. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर त्यांनी गारेच्या जातीच्या दगडांची बोटाच्या पेराएवढी अश्मयुगीन हत्यारे गोळा केली. धनगरांच्या वाटा, देवीची ठाणी, पालखीचे मार्ग आणि ही हत्यारे यांचा त्यांनी मेळ घातला. वारकऱ्यांच्या वाटा मुळात अश्मयुगीन माणसांच्या हंगामी फिरतीच्या असाव्यात, हे त्यांचे अनुमान १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात आहे. तुकोबांची पालखी आजही यवत-वरवंडचे मुक्काम करून, पाटस ओलांडून, रोटी घाट चढते.

फिरस्तेपणाची आणखी एक संभाव्य खूण शिरूर तालुक्यातच, घोड नदीकाठच्या इनामगावला मिळाली. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसलेल्या या गावात बार्ली पिकत असे. पुराचे पाणी वळवण्यासाठी पाटही खणलेला होता. इ.स.पू. १००० नंतर मात्र मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. हवामान कोरडे झाले, शेती खालावली आणि लोक निमभटके मेंढपाळ बनले, असा अर्थ म. के. ढवळीकरांनी लावला. सर्व पुरातत्त्वज्ञांना तो मान्य नाही. घराचा आकार बदलला एवढ्यावरून जगण्याची रीत बदलली असे म्हणता येईल का, हा आक्षेप रास्तच आहे. जुन्या वाटेवर हत्यार सापडले, म्हणून ती वाट हत्याराइतकी जुनी ठरते का, हेही कोसंबींना विचारता येते. पुरावा आणि अनुमान यांतले अंतर दाखवायला याहून जवळचे उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

आज दौंड-शिरूरच्या बऱ्याच माळावर कालव्याचे पाणी आणि ऊस आला आहे. चराईची राने आक्रसली, वाटा डांबराखाली गेल्या. त्यांची आठवण वाड्याबरोबर चालणाऱ्यांकडेच उरली आहे, आणि त्यांत शाळकरी मुलेही असतात. हजेरीपटावर महिनोन्‌महिने गैरहजर दिसणारा एखादा विद्यार्थी वर्गात परतला, तर त्याला फळ्यावर आपली वाट काढायला सांगावी: मुक्काम, पाणवठे, घाट, महिने. शेजारी पर्जन्यमानाचा नकाशा टांगावा. पर्जन्यछायेचा धडा त्या दिवशी त्यानेच शिकवावा.