खर्जाच्या तारेवरची नदी

रॉक संगीताच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्याकडे सहसा कुणी पाहत नाही. नजरा गाणाऱ्यावर, नाहीतर मुख्य गिटारवर. याच्याकडे चार जाड तारा, खर्जातला आवाज, आणि काम एवढंच की गाण्याखालची जमीन हलू द्यायची नाही. भजनात पखवाजाची कणीक लावलेली बाजू करते, तेच.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’मध्ये राहुल राम १९९१ साली आले ते याच कामासाठी. शिक्षण कानपूरच्या आय.आय.टी.त, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट. परत आल्यावर मात्र हा माणूस नर्मदा बचाव आंदोलनात गेला. सरदार सरोवरात आपल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची ३३ गावं येत होती, त्या खोऱ्यातलं आंदोलन.

बँडचा पहिला अल्बम १९९३चा. १९९७चा ‘डेझर्ट रेन’ तर प्रत्यक्ष कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण. दोन्हींत वाद्यांचंच राज्य. सुस्मित सेन यांची गिटार बोलायची, राहुल राम खालून सांभाळायचे. २०००च्या ‘कंदिसा’त चित्र पालटलं. असीम चक्रवर्ती तबल्यावर गातच होते, अमित किलम ड्रम्सवर. पण ‘मा रेवा’ हे नर्मदेचं लोकगीत आलं राहुल राम यांच्या गळ्यातून. त्याच अल्बममध्ये गोरख पांडे यांचं, मोर्च्यांतून फिरलेलं ‘हिल्ले ले’ही आहे. बोटांनी एक लय धरायची आणि गळ्यानं दुसरीच वाट चालायची, हे सोपं नाही. करून पाहा! शिवाय बेस आता नुसता टेकू राहिला नाही. चालही सांगू लागला.

समीक्षक याला फ्यूजन म्हणतात. मला त्यात आमच्या मावळातलं जातं ऐकू येतं. खाली दगडाची घरघर, वर ओवी, आणि दोन्ही एकाच बाईच्या हातात-गळ्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळाच्या खेड्यांतून आणि पुढे राज्यभरातून अशा लाखावर ओव्या जमवल्या. जमीन धरून ठेवणाऱ्या बाईनंच गायचं, ही रीत इथं जुनी आहे. ओव्या कागदावर उतरल्या, ध्वनिफितींवरही आल्या, हे आपलं भाग्य.

धरणंही इथं जुनीच. लोणावळ्याच्या वळवण तलावाचं पाणी १९१५पासून खोपोलीला उतरून मुंबईला वीज देतं. १९२१ साली शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकरी उभे राहिले. बापटांना ‘सेनापती’ हे नाव त्याच सत्याग्रहानं दिलं. धरण झालंच, ते पाणी आज भिऱ्याला उतरतं. सरदार सरोवरही २०१७ साली पूर्ण उंचीवर गेलं. पण नर्मदेचं गाणं दिल्ली-मुंबईच्या कॉलेजांतल्या मुलांच्या तोंडी बसलं. ज्यांनी धडगाव नकाशावरही पाहिलं नव्हतं, अशी मुलं रेवेचं नाव घेऊन डोलू लागली. मुळशीच्या बुडालेल्या गावांचं असं गाणं मी लोणावळ्याच्या एकाही कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऐकलेलं नाही. गिटारी मात्र तिथं दरवर्षी असतात.